धुक्याचा दिवा धुक्यातच लावायचा

साक्रीच्या बाहेर, हायवेला लागून, माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याची टपरी आणि पुढे निंबाचं झाड. गुजरातकडून घाट ओलांडून येणारे ट्रक तिथे थांबायचे. कोणाचा हॉर्न मुका, कोणाचा इंडिकेटर मेलेला, कोणाचा डायनामो चार्जिंग करत नाही. सगळे मला नाना वायरमन म्हणायचे. आता दुकान दुसऱ्याला दिलं. डोळे बारीक तार धरत नाहीत.

दिवाळी अंकवाली मंडळी घरी आली आणि म्हणाली, नाना, धंद्यातलं काही लिहा. मी म्हटलं, मी सातवीत शाळा सोडली, माझं लिहिणं तुम्हाला झेपणार नाही. ते म्हणाले, बोलता तसं लिहा. मग तसंच लिहितो. माझी बायको सुमन मागच्या वर्षी होळीनंतर गेली. ती जायच्या आधीच्या हिवाळ्यात एका सकाळी तिला धुळ्याला दवाखान्यात वेळेवर पोचवायचं होतं आणि बाहेर हात पुढे केला तर पंजा दिसत नव्हता. त्या सकाळी ज्यांच्यामुळे ती पोचली त्यांचे आभार मानायचे राहून गेले. एकदोघांची तर नावंही मला माहीत नाहीत. त्यांच्यासाठी हे लिहितो. पण आधी धंद्याचं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं समजणार नाही.

धुक्याचा दिवा, ज्याला सगळे फॉगलाइट म्हणतात, तो गाडीच्या नाकाखाली बसवायचा असतो. बंपरमध्ये, हेडलाइटच्या खाली. का, तर धुकं जमिनीला चिकटून बसत नाही, थोडं वर तरंगतं. हेडलाइटचा उजेड वरून जातो, धुक्यावर आपटतो आणि परत आपल्याच डोळ्यांत येतो. पुढे पांढरी भिंत उभी राहते. डीपर, म्हणजे खाली पडणारा उजेड, सोडून अपर, म्हणजे लांबचा, लावला तर भिंत आणखी जाड होते. फॉगलाइटचा उजेड चपटा आणि रुंद. तो धुक्याच्या खालून सरकतो आणि रस्त्याच्या कडेचा पांढरा पट्टा दाखवतो. लांबचं दाखवत नाही. त्याचं कामच ते नाही. पुढचं थोडंसं दाखवतो, तेवढं चालायचं, मग पुढचं थोडंसं.

नियम सरकारी पुस्तकात लांबलचक लिहिलेला असेल. मी गिऱ्हाइकाला एवढंच सांगायचो: दिवे दोन, दोन्ही एका रंगाचे, हेडलाइटच्या वर नाही, बटण वेगळं. धुकं, जोराचा पाऊस, धुळीचं वावटळ असेल तर लावायचा. मोकळं झालं की विझवायचा, कारण मोकळ्या हवेत तो समोरच्याच्या डोळ्यात जातो. मागे लाल फॉगलाइट असेल तर त्याचंही तेच. आणि चालत्या गाडीला चारी इंडिकेटर लावू नका. मागच्याला वाटतं गाडी उभी आहे, आणि तुम्ही वळणार कुठे हे त्याला कळत नाही.

ऐकायचं कोणी? पोरं बोलेरो घेऊन यायची. टपावर आठ दिवे पाहिजेत, पांढरे फक्क.

"नाना, अशी लाइट टाका का समोरचा थांबलाच पाहिजे."

"थांबणार नाही. तुझ्यावर येऊन आदळणार. त्याला दिसणारच नाही तू कुठे आहेस."

"मग आम्ही धुळ्याहून लावून येऊ."

"या लावून. आणि मग पोलिसाने काढायला लावले तर इथेच या, काढून देईन."

यायची. खरंच काढायला यायची. मी काढून द्यायचो आणि ते दिवे टपरीच्या मागे ढिगात टाकायचो. सुमन त्या ढिगाकडे बघून म्हणायची, "बठ्ठा गावना दिवा इकडे जमा करी राहिनात, आपला ओटावरना दिवा कव्हय लावशात?" ओट्यावरचा बल्ब खरंच महिनोन्‌महिने गेलेला असायचा. वायरमनच्या घरी असंच असतं.

एक वऱ्हाडाची गाडी आली होती. नवरदेवाच्या मामाला फॉगलाइट लाल पाहिजे होते, पुढे, लग्नात शोभा म्हणून. मी म्हटलं, पुढे लाल दिवा लावला तर समोरच्याला वाटेल गाडी पाठमोरी आहे, तो ओव्हरटेक करायला येईल आणि सरळ नवरदेवाच्या मांडीवर बसेल. मामा म्हणाला, तुम्ही फार बोलता. मी म्हटलं, हो, बोलतो, आणि लाल लावत नाही. तो गेला. पण त्याच्या ड्रायव्हरने मागे वळून मला हात जोडले. धंद्यात असे हात जोडणारे थोडे भेटतात, पण त्यांच्यावर माणूस टिकतो.

सुमनच्या किडन्या गेल्या. डॉक्टरांनी डायलिसिस सांगितलं. म्हणजे यंत्राने रक्त धुऊन परत अंगात घालायचं, आठवड्यातून दोनदा, आणि ते धुळ्याला. आमचा संजू सुरतला मिलमध्ये आहे, तो पैसे पाठवायचा, पण दर वेळी कसा येणार? शेजारच्या भटूकडे ईको गाडी आहे. भटू तिला अक्का म्हणायचा. तो म्हणाला, "अक्काले मी लई जासू, तुम्ही काळजी करू नका." पेट्रोलचं सोडून त्याने कधी वर काही घेतलं नाही. पहाटे उठायचा, गाडी दारात लावायचा, आणि हॉर्न वाजवायचा नाही, कारण सुमनला हॉर्नने धडकी भरायची.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारं-अवजारं पुजतात, गाड्या पुजतात. त्या वर्षी सुमनने हट्टाने भटूची गाडी स्वतः पुजली. अंगात ताकद नव्हती, तरी खुर्चीवर बसून झेंडूची माळ केली, आंब्याची पानं घातली, आणि पुढे बंपरवर आडवी बांधली. जाडजूड माळ. बांधताना म्हणाली, ही माळ कोणी हाताने काढायची नाही, आपोआप पडेल तेव्हा पडेल, तोपर्यंत गाडी सुखरूप. आमच्याकडे ही चाल आहे. ट्रकांना दिवाळीपर्यंत, कधी त्यापुढेही माळा लोंबकळत असतात, वाळून काळ्या पडल्या तरी. तोडायची हिंमत कोणी करत नाही. माझ्या लक्षात आलं होतं की माळ बरोबर फॉगलाइटवरून जाते. पण तेव्हा आश्विनाचं ऊन होतं, धुक्याचं नाव नव्हतं, आणि तिच्या तोंडावर खूप दिवसांनी हसू होतं. मी गप्प बसलो.

आता त्या सकाळचं. आधीच्या पाळीला दवाखान्यातलं यंत्र बिघडलं होतं म्हणून तिचं डायलिसिस झालंच नव्हतं. अंगात पाणी साचलं होतं. पाय सुजून चपला बसत नव्हत्या, आडवं झालं की दम लागायचा. रात्र तिने भिंतीला टेकून काढली. सिस्टरने फोनवर सांगितलं होतं, सकाळच्या पहिल्या पाळीला आणा, उशीर केलात तर बेड दुसऱ्याला द्यावा लागेल, पेशंट खूप थांबलेत. तिला त्या दिवशी यंत्रावर बसवणं म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

दार उघडलं तर समोर धुकं. रस्त्यापलीकडचं हॉटेल गेलेलं, निंब गेलेला. भटूने तिला मागच्या सीटवर उशीला टेकवून बसवलं, मी पुढे बसलो. हायवेला लागलो आणि भटूने घाबरून अपर लावला.

"डीपर लाव."

"काहीच दिसत नही, नाना."

"अपर लावशी ते आणखी दिसाव नही. डीपर लाव, फॉगलाइट लाव."

त्याने बटण दाबलं. रस्त्यावर काही फरक नाही. नुसता बंपरपुढे पिवळट अंधार, चुलीत ओलं लाकूड घातल्यासारखा. मग मला आठवलं. माळ. वाळलेली, दव पिऊन फुगलेली माळ दोन्ही दिव्यांवर बसली होती.

गाडी कडेला घेतली. मी उतरलो, भटू उतरला. तो माळेपुढे हात मागे बांधून उभा राहिला.

"नाना, अक्कानी बांधेल शे. मी हात नही लावाव."

मलाही हात लावायला धीर होईना, खरं सांगतो. दिव्याचं सगळं शिकलेला माणूस, आणि एका वाळक्या माळेपुढे उभा. वाटत होतं, आज, नेमकं आज तोडायची? मागची काच खाली झाली. दम खात खात सुमन म्हणाली,

"काय दखी राहिनात? काढी टाका. देवले मी सांगसू."

"सुमन, तूच म्हणेल व्हतीस, हात लावू नका."

"मीच म्हनेल व्हतं ना? आते मीच म्हनस, काढा. फेकू नका फक्त. पानझरामा सोडजात."

मी पान्याने सुतळी कापली. पाना म्हणजे माझ्या खिशातला जुना, ज्याला एका बाजूने धार लावलेली आहे. माळ भटूने दोन्ही हातांनी धरून मागे तिच्या पायांजवळ नेऊन ठेवली. काचा धोतराच्या सोग्याने पुसल्या. भटूने बटण दाबलं आणि रस्ता दिसला. फार नाही. डाव्या कडेचा पांढरा पट्टा आणि पुढचं थोडं डांबर. मी म्हटलं, पट्टा सोडू नको, स्पीड वाढवू नको, काच खाली ठेव म्हणजे ऐकू येईल.

भटू चांगला चालवत होता. नेर गावाच्या अलीकडे नदीवरून धुकं आणखी दाट येत होतं. मागे सुमनचा श्वास मी मोजत नव्हतो, पण ऐकत होतो.

मग कांद्याचा वास आला. काच उघडी होती म्हणून आला. मी भटूच्या गुडघ्यावर हात ठेवला, "हळू, पुढे काही शे." त्याने पाय उचलला, आणि फॉगलाइटच्या उजेडात रस्त्यावर दोन टायर दिसले. फक्त टायर. वरचं काही नाही. ट्रॉली, कांद्याने भरलेली, मागे एकही दिवा नाही. ताडपत्री खालपर्यंत लोंबलेली. हेडलाइटवर राहिलो असतो तर ती भिंत आणि ही ट्रॉली आम्हाला एकदमच भेटली असती. भटूने ब्रेक मारला, गाडी थांबली, ट्रॉली धुक्यात निघून चालली.

मी ओरडलो. भटूने डीपर-अपर मारला. ट्रॅक्टर कडेला थांबला. ड्रायव्हर उतरून आला, डोक्याला मफलर, तोंडात दातण.

"काय जायं, आबा?"

"तुना मागला दिवा कोठे शे?"

"शे ना. लागस ना."

"ये, दखाड माले."

तो मागे आला. ताडपत्री उचलली तर खाली दिवा होता, पण विझलेला. ताडपत्रीच्या दोरीने वायर ओढली जाऊन तुटलेली. तो ओशाळला. म्हणाला, मार्केटला लिलावाला पोचायचं होतं, घाईत बांधलं. मी म्हटलं, पुढच्या धाब्यावर थांब, उजेड झाल्यावर नीट कर. तो हो म्हणाला, पण तो थांबणार नाही हे मला दिसत होतं. कांदा विकायचा माणूस थांबत नाही. आणि मलाही थांबायचं नव्हतं. मी परत गाडीकडे वळलो.

मागच्या काचेतून सुमनचा आवाज आला. "दिवा लाईसनच चला."

"सुमन, टाइम नही शे. बेड जाई आपला."

"जाई ते जाई. आपला मांगे बी कोनी येत व्हई. त्यास्ना पुढे फॉगलाइट शे का नही, काय माहीत?"

"तू श्वास घे, बोलू नको."

"तुम्ही काम करा, मंग मी बोलाव नही."

मी तिच्याशी आयुष्यभर भांडलो आणि बहुतेक वेळा हरलो. तिथेही हरलो. टेप खिशात असतोच. दोन टोकं सोलली, पिळली, टेप गुंडाळली. दिवा लागला. ताडपत्रीचं टोक वर खोचून दोरी बाजूने घेतली. ट्रॅक्टरवाला म्हणाला, आबा, तुमचं नाव काय? मी म्हटलं, नाव राहू दे, हळू जा. पुढे पानझरा नदीच्या पुलावर भटूने उतरून माळ खाली सोडली. तिने सीटवरूनच हात जोडले.

दवाखान्यात पोचलो तेव्हा पहिली पाळी बसली होती. सिस्टर बाहेर आली. चांगली पोरगी, पण तिचाही नाइलाज.

"बाबा, वेळ गेली तुमची. बेड दिला मी. आता दुपारनंतर बघू."

"दुपारपर्यंत ही राहील का?"

तिने सुमनकडे बघितलं. मला तेव्हा रस्त्यावर थांबल्याचा राग आला, ट्रॉलीवाल्याचा आला, सुमनचाही आला. तिला व्हीलचेअरवर बसवलेलं, ओठ निळे पडत चाललेले, आणि ती माझ्याकडे बघून हात हलवते, काही नाही, काही नाही.

आत ज्या बेडवर दुसरी पेशंट घेतली होती ती पारोळ्याकडची एक म्हातारी होती. नळ्या अजून जोडल्या नव्हत्या. दार उघडं होतं, तिला सगळं दिसत होतं. ती उठून बसली.

"सिस्टर, तिले बसाडा इठे. मी थांबस."

तिची सून कोपऱ्यात डबा घेऊन बसली होती. ती चिडली. "आत्या, आपण पहाटेपासून आलोय. दुपारपर्यंत इथंच बसायचं का?"

"तुले कसानी घाई? घर जाईसन मनंच डोकं खाशी ना. इठेच खाय." आणि म्हातारी सिस्टरच्या खांद्याला धरून खाली उतरली.

सिस्टरने डॉक्टरांना फोन केला, मग मान हलवली. सुमनला त्या बेडवर घेतलं. मी त्या म्हातारीच्या पायांना हात लावायला वाकलो तर तिने पाय मागे घेतले. "भाऊ, असं करू नका, मना पाय सुजेल शेत, दुखतस." तिचं नाव विचारायचं मला सुचलं नाही. पुढच्या पाळ्यांना ती भेटली नाही. तिचा वार एरवी दुसरा होता, यंत्र बिघडलं म्हणून त्या दिवशी आली होती. पारोळ्याच्या माय, हा अंक तिकडे येत असेल, कोणी तुम्हाला वाचून दाखवला तर समजा की ज्या बाईला तुम्ही बेड दिला ती सुमन होती आणि हे लिहिणारा तिचा नवरा आहे.

दोन तास गेल्यावर सुमनच्या तोंडावर रंग आला. तिने डोळे उघडले. भटू दारात चहा घेऊन उभा होता.

"त्या ट्रॉलीवालाना दिवा लागना ना?" तिने विचारलं.

"लागना."

"मंग झोपस मी."

झोपली. मी स्टुलावर बसून राहिलो. भटू म्हणाला, नाना, तुम्ही चहा घ्या.

ती त्यानंतर होळीपर्यंत होती. संजू सुट्टी काढून आला, नातीला घेऊन आला. नात ओट्यावर रांगायला शिकली ती सुमनच्या डोळ्यांपुढे. सुमनने मला खिचडी शिकवली, ज्वारीची भाकरी शिकवली. माझी भाकरी नकाशासारखी यायची आणि ती म्हणायची, हा कोणता तालुका? आम्ही पुष्कळ बोललो. पूर्वी दुकानामुळे बोलणंच व्हायचं नाही. हे सगळं त्या सकाळनंतरचं आहे. त्या म्हातारीचं, त्या सिस्टरचं, भटूचं देणं आहे. आणि बंपरखालच्या त्या दोन दिव्यांचंही. मी त्यांना धंदा म्हणून विकत आलो होतो. एवढं वाईट घडूनही मला देवाशी भांडावंसं वाटत नाही, ते त्या दिवसांमुळे.

गेल्या हिवाळ्यात ती नव्हती. धुकं पडलं की घरात बसवेना. मी टेस्टर, टेप आणि वायरचा तुकडा घेऊन आमच्या फाट्यावर जाऊन उभा राहायला लागलो, जिथून कांद्याच्या ट्रॉल्या शेतरस्त्यावरून हायवेला चढतात. एकेक थांबवायची, मागचा दिवा बघायचा, ताडपत्री वर खोचायची, नसेल तर लाल काचेचा तुकडा तारेने बांधून द्यायचा. लोक म्हणतात, बायको गेल्यापासून नानाचं डोकं फिरलं. म्हणू देत. थांबतात ना, तेवढं पुरे.

एका सकाळी एक दांडगा गडी आला, नवा ट्रॅक्टर, जुनी ट्रॉली. दिवा ठीक होता, फक्त चिखलाने भरलेला. मी पुसला.

"आबा, ग्रामपंचायतनं ठेवेल शे का तुम्हाले?"

"नाही."

"मंग कोन सांगेल शे?"

"घरवालीने."

"आन ती तुम्हाले इतला थंडीमा पाठाडस? स्वतः ऱ्हास घरमा, गोधडीमा?"

"गेली ती. मागच्या होळीनंतर."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग हात पुढे करून ट्रॅक्टर बंद केला. खाली उतरला आणि माझ्या शेजारी उभा राहिला. मागून आलेला दुसरा ट्रॅक्टरवालाही इंजिन बंद करून उतरला. इंजिनाचा आवाज गेला तसं पानांवरून दव पडायचा आवाज ऐकू यायला लागला. आम्ही तिघं तसेच उभे होतो.

मग तो वर चढला आणि स्टार्टर मारला. खट् झालं आणि गप्प. पुन्हा मारला. गप्प.

"आबा," तो वरून म्हणाला, "बॅटरी उतरेल व्हती. म्हनीसन मी बंद करत नही कव्हयच."

"मग केलास कशाला?"

"आते काय सांगू."

दुसऱ्याने आपला ट्रॅक्टर पुढे घेतला, साखळी लावली. मी मागे, धुक्यात, ट्रॉलीला हात लावून चालत होतो, जशी काही माझ्याच जोराने ती चालणार होती. मला हसू येत होतं आणि डोळे गळत होते. थोडं गेल्यावर इंजिनाने धरलं, आणि माझ्या हातापाशीच मागचा लाल दिवा लागला.